जाड आवाज

"मोठा नको, जाड पायजे," असं म्हणत शेजारचे दादा चालू मोटारसायकलच्या मागे उकिडवे बसायचे आणि सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर अंतरावर तळहात धरायचे. डोळे मिटलेले. वैद्य नाडी बघतो ना, तसे. मग मान हलवून निकाल द्यायचे, "पातळ हाय अजून."

पन्नाशी उलटलेला माणूस ओट्यावर सायलेन्सर कापत बसला, तर लोक काय म्हणणार? आमच्या गल्लीने 'म्हातारचळ' म्हणून टाकलं. मी तर जास्तच वैतागायचो, कारण त्यांचा रविवारचा ग्राइंडर आणि माझी दुपारची झोप यांच्यात एकच भिंत होती. बरं, आठवडाभर काल्हेरच्या गोडाऊनातही आम्ही बरोबरच. ते माल उतरवून घेणार, मी बिलं करणार. सुटका म्हणून कुठे नाही.

एकदा चिडून विचारलंच, "दादा, या वयात कुणाला ऐकवायचंय?"

"हिला," ते म्हणाले आणि स्वयंपाकघराकडे बोट केलं.

वहिनींचे कान लूमने खाल्ले होते. लग्नाआधीपासून वहिनी यंत्रमागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायच्या. दादा तिथेच जॉबर, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करणारे. तो कारखाना बंद पडला, खडखडाट थांबला, पण तोवर वहिनींना तो थांबल्याचंही नीट कळेना. डॉक्टर म्हणाले, बारीक आवाज आधी जातात, जाड शेवटी. कानाचं मशीन आणलं, त्यातून नुसती खरखर. ते डबीत गेलं. दादांचा स्वतःचा आवाज मुळात किनरा. तो वहिनींना ऐकू यायचा केव्हाच बंद झाला होता.

"बेल दाबली की आत दिवा लागेल असं काहीतरी बसवा की," मी शहाणपणा सुचवला.

"बत्ती कुणासाठीबी पेटंल," दादा म्हणाले. "हा आवाज आला म्हंजे मीच आलो, हे तिला कळतंय."

मी झोपेवर पाणी सोडलं आणि त्यांच्या हाताखाली लागलो.

सायलेन्सरचं बूड कापायचं, आतला एखादा पडदा काढायचा, काचेचा कापूस भरायचा, मागे रुंद नळी वेल्डिंगने जोडायची. पहिल्याच खेपेला असा फाटका आवाज निघाला की गल्लीतली कुत्री पार खाडीकडे पळाली. वहिनी मात्र शांतपणे तांदळाच्या भाकऱ्या थापत होत्या. एकदा हवालदाराने अडवलं. दादा म्हणाले, "साहेब, घरात एकीला ऐकू येत न्हाय." हवालदार म्हणाला, "मग आख्ख्या भिवंडीला कशाला ऐकवता?" नळी काढायला लावली. दादा ती पिशवीत घालून घरी आले आणि पुढच्या रविवारी जरा आतल्या बाजूने पुन्हा जोडली.

चाचणीच्या वेळी माझी जागा स्वयंपाकघराच्या दारात. दादा लांबून गाडी आणायचे आणि मी वहिनींचा हात बघायचा. ऐकू आलं की भाकरीवरचा हात थांबायचा आणि ओठांच्या कोपऱ्यात थोडं हसू यायचं. तुम्ही ते हसू पाहायला हवं होतं. लग्न होऊन इतकी वर्षं झालेली बाई अशी लाजते, हे मला तोवर माहीत नव्हतं.

सुरुवातीला तो हात गाडी रिक्षानाक्यावर असतानाच थांबायचा. मग दवाखान्यापाशी आल्यावर. मग पिठाच्या गिरणीपाशी. शेवटी शेवटी गाडी ओट्याला टेकली तरच. दादा आवाज जाड करत होते आणि वहिनींचे कान त्याहून भराभर जात होते. ही शर्यत ते हरणार हे मला दिसत होतं. त्यांनाही दिसत असणार, पण बोलायचे एवढंच, "नाक्यावरून ऐकली पायजे. मंग दारात उभी ऱ्हाते ती."

त्या रविवारी त्यांनी सायलेन्सरचं पोटच वाढवलं, नळी आणखी लांब केली. सगळं जुळेपर्यंत दिवेलागण झाली. "र्‍हाऊ दे," ते म्हणाले. "उद्या ड्युटीवरून येताना बघू. तिला सांगू नको."

दुसऱ्या दिवशी, सुटायच्या थोडं आधी, दादा कापडाच्या गाठीला टेकून खाली बसले. छातीवर हात ठेवून म्हणाले, "जरा थांब." दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. त्यांची मुलगी सासरी, तिला फोन गेला. गोडाऊनातले बाकीचे तिथे थांबले आणि मला सगळ्यांनी पुढे पाठवलं. वहिनींना सांगायला शेजारचाच माणूस हवा, आणि दादांची गाडीही घरी न्यायची होती.

रस्ताभर ती गाडी माझ्याखाली गुरगुरत होती आणि मी रडत होतो. रिक्षानाक्यावर आलो तेव्हा एकदम भान आलं. मी झटकन इंजिन बंद केलं आणि गाडी ढकलत गल्लीत शिरलो. गिरणीवाल्याने काहीतरी विचारलं, मी मान वर केली नाही.

वहिनी दारात उभ्या होत्या. हाताला पीठ तसंच.

"भावोजी," त्या मोठ्याने म्हणाल्या, "आज नाक्यावरून ऐकली मी! नाक्यावरून!" चेहरा असा फुललेला की मला बघवेना. मग त्यांनी माझ्या मागे, गल्लीच्या तोंडापर्यंत नजर टाकली. "हे कुठं उतरले?"

मी काय बोललो ते मलाच ऐकू आलं नाही. त्या हसत हसत जवळ आल्या आणि नीट समजावं म्हणून माझ्या ओठांकडे बघू लागल्या.