चादरीची दोन टोकं

खंडाळ्याच्या एका हॉटेलात मी खोल्या आवरते. चौथीपर्यंत शिकले, पुढे कामच केलं.

मोठ्या चादरीची घडी एकटीला घालता येत नाही. दोघींनी दोन टोकं धरायची, समोरासमोर यायचं, टोकं जुळवायची, पुन्हा मागे सरायचं. समोर आलं की बोलणं व्हायचंच. कुठल्या खोलीतला गिझर उशिरा तापतो, कुठल्या पाहुण्याला दार वाजवलेलं चालत नाही. माझी जोडीदारीण इंदुरी गावची. कितीतरी वर्षं घड्या आम्ही दोघीच घालतो.

मागच्या वर्षी नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "मावशी, तुम्हाला सगळ्यांना इतकं माहीत आहे, ते ऑफिसात येऊन सांगा. कॉम्प्युटरवर राहील, सगळ्यांना उपयोगी पडेल." दर महिन्याला ज्या बाईची सूचना सगळ्यात चांगली, तिला कुकर बक्षीस.

पहिला कुकर जोडीदारणीला मिळाला. धुक्याच्या दिवसांत मशीनमधल्या गरम चादरी लगेच कपाटात रचू नयेत, कुबट वास येतो, ही तिची सूचना. तिला ती मीच सांगितली होती.

मी म्हटलं, "कुकर तुला, निदान शिट्टी तरी मला दे."

"घरी ये की. बसून ऐक," ती म्हणाली.

तेव्हा हसलो. पण त्यानंतर घडी घालताना कुणीच काही सांगेना. काही लक्षात आलं की बाई टोक सोडून ऑफिसात. मीही गेले. मला काही मिळालं नाही.

मग एक दिवस दरीकडच्या कोपऱ्यातल्या खोलीत माकडं शिरली. पाहुण्यांच्या बॅगा उपसल्या, गादीवर घाण केली. खिडकी मी लावली होती, पण तिची कडी सैल झालेली. साहेब म्हणाले, आणखी एक तक्रार आली तर मावशींना घरी बसवावं लागेल. या वयात दुसरं काम मला कोण देणार?

दुपारी जोडीदारीण चादर धरून म्हणाली, "कडीचं म्या ऑफिसात सांगितलं व्हतं."

"मला का न्हाई सांगितलं?"

"तू माझ्याआधी ऑफिसात जाऊन बोलली असतीस."

बोलले असतेही. ऑफिसात विचारलं तर कळलं, सूचना महिनाअखेरीला वाचतात.

कुकर देणं आता बंद झालंय. परवा टोकं जुळवताना तीच हळूच म्हणाली, "जिन्याजवळच्या खोलीतला नळ गळतोय. अजून कुणाला बोलले न्हाई, तुलाच सांगते."

पूर्वी तिने सांगितलं की माझ्यासाठी तेवढं पुरे असायचं. मी मान हलवली, घडी पुरी केली. मग गुडघे धरत जिना चढले आणि नळ गळतोय का, ते स्वतः बघून आले.