अजितचा सर्व्हो माझ्या गाडीत

अजितच्या बायकोचा, वहिनींचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर बसून माझ्या या मित्राच्याच गाडीचं दुखणं शोधत होतो. रिमोटच्या गाडीत पुढची चाकं वळवणारी आगपेटीएवढी मोटर असते, तिला सर्व्हो म्हणतात. रिमोटला हात न लावताही अजितच्या गाडीची चाकं डावी-उजवीकडे थरथरायची. म्हणून रविवारी आम्ही आमच्या गाड्यांतले सर्व्हो अदलाबदल केले होते. थरथर माझ्या गाडीत आली तर दोष सर्व्होचा, त्याच्याच गाडीत राहिली तर दोष दुसरीकडे. अंधार पडला म्हणून बघायचं राहिलं होतं. आता बघितलं, तर ती माझ्याकडे आली होती. त्याला कळवणार, तेवढ्यात फोन वाजला. "भावजी, हे गेले ओ..." दुकानात खुर्चीवरून उठता उठता कोसळला म्हणे. तो खुर्चीवर बसला होता, हेच मला आधी खरं वाटेना.

कारण अजित बसायचा नाही. शिरोळला त्याचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान. गिऱ्हाईकाशी उभ्यानं बोलायचा, चहा फेऱ्या मारत प्यायचा. नृसिंहवाडीला दर्शनाच्या रांगेत "सरका की पावणं" म्हणून त्यानं लोकांची बोलणी खाल्लेली मी पाहिलीत. राजारामपुरीत क्लास घेणाऱ्या माझ्यासारख्याला चाळिशीनंतर या गाड्यांचं खूळ त्यानंच लावलं. ऊस गेला की त्याच्या रिकाम्या रानात आम्ही तासन्‌तास भांडायचो. वळणावर गाडी तो उलटवणार आणि खापर बॅटरीवर फोडणार. असा उतावळा माणूस, पण बिघडलेला भाग लगेच बदलू द्यायचा नाही. मी म्हणायचो, नवीन घाल आणि मोकळा हो. तो ओरडायचा, "मास्तर, काय झालंय ते आधी कळू दे की. न कळता बदललास तर नवापण तसाच नाचंल." मग बॅटरी, पिना, वायरी, सगळं एकेक करून तपासायचं आणि शेवटी माझ्या गाडीतला भाग काढून त्याच्यात घालायचा. अशानं माझ्या गाडीत माझं किती उरलं होतं, देव जाणे. आणि हाच माणूस, छातीत कळ येत होती तर महिनाभर कुणाला तपासू देत नव्हता... मला अजून त्याचा राग येतो.

दिवस झाल्यावर त्याच्या घरी गेलो. गाडी टीव्हीशेजारच्या काचेच्या कपाटावर होती. वहिनींनी तिचं बटण दाबलं. चाकं सरळ, गप्प.

"भावजी, ही अशी कधी हुबी राहत न्हवती. सकाळी उठलं की हे चालू करून बघायचे, मी आतनं ओरडायची. काय केलंसा हिला?"

मी खरं ते सांगितलं. हिच्यात माझा सर्व्हो आहे, चांगला आहे, राहू दे, असंही म्हणालो. त्यांनी गाडीचं बटण बंद केलं. मग म्हणाल्या, "तुमचा तुम्ही न्या. ह्यांचा आणून घाला."

मला तो द्यायचा नव्हता. नवा आणून ठेवला होता, पण पाकीट फोडलं नव्हतं. रोज गाडी चालू करायची, थरथरत्या चाकावर बोट ठेवायचं, उठायचं, गच्चीत फिरायचं, परत येऊन बोट ठेवायचं, असं माझं चाललं होतं. कुणाशी बोलावंसं वाटत नव्हतं. पण मागणाऱ्या वहिनी होत्या.

दुसऱ्या दिवशी गेलो. वहिनी चहा टाकायला आत गेल्या. मी स्क्रू काढले, त्याचा सर्व्हो बसवला, रिमोट लावून तो मधोमध आणला आणि मगच वरचा दांडा घट्ट केला. हा क्रम चुकला की गाडी एका बाजूला ओढते, त्यावरून त्यानं मला पुष्कळ झापलं होतं. गाडी कपाटावर ठेवून बटण दाबलं. चाकं थरथरली, तशी खालची काच खडखडायला लागली.

"अहो, बंद करा की ते, रोज रोज काय," वहिनी आतून ओरडल्या.

मग आतला भांड्यांचा आवाज थांबला. मी बटणाकडे नेलेला हात मागे घेतला. बऱ्याच वेळानं चहा आला, तो मी फेऱ्या मारतच प्यायलो.