कंडक्टरकाकांची संगीतखुर्ची

निवृत्त माणसाला घर खायला उठतं म्हणतात. कंडक्टरकाकांच्या घराला तेवढी सवडच नव्हती. सकाळी आठच्या ठोक्याला बाहेरच्या खोलीत त्यांच्या बायकोचं पाळणाघर सुरू व्हायचं, आणि त्या खोलीतल्या प्रत्येक वस्तूला काही ना काही काम होतं. बुटक्या खुर्च्या बसायला, चटया लोळायला, खिडकीखालचं कपाट डबे आणि पाण्याच्या बाटल्या ठेवायला. बिनकामाचे असे एकटे काकाच.

काकांच्या बायकोला मुलं मावशी म्हणतात, म्हणून मुलांचे आईबापही मावशीच म्हणतात. अंगापिंडाने भरभक्कम, आवाजाने त्याहून. स्वतःची मुलं मोठी होऊन आपापल्या संसाराला लागल्यावर त्यांनी पाळणाघर काढलं आणि एकहाती चालवलं. काका तेव्हाही बसवर आणि त्याआधीही बसवर. मुलं उठायच्या आत घराबाहेर आणि ती झोपल्यावर घरात, अशी ड्यूटी. त्यामुळे स्वतःची मुलं त्यांनी बहुतेक आडवीच पाहिली. "थोरला केवढा झाला?" असं कुणी विचारलं, की काका हात उंच करायच्याऐवजी दोन बाजूंना पसरून दाखवायचे.

निवृत्तीनंतर ते खोलीच्या मधोमध उभे असायचे. बसायची सवयच नव्हती.

"अहो, बसा तरी, नाहीतर बाहेर तरी जा," मावशी म्हणायच्या. बसले की, "पाय वर घ्या." पाय वर घेतले की, "उठा, ती खुर्ची मुलांची आहे." शेवटी त्यांची रवानगी गॅलरीत झाली, वाळत घातलेल्या दुपट्यांच्या शेजारी. तिथून ते खिडकीतून आत बघत बसायचे. जागी, उभी, धावती, भांडती मुलं. बघून बघून त्यांचं पोट भरत नव्हतं.

अशात मावशींच्या भावाचा फोन आला. त्याचं लाकडी सामानाचं दुकान होतं आणि फाटकावर बसायला विश्वासातला माणूस हवा होता. "भाऊजींना पाठव," तो म्हणाला. "दिवसभर सावलीत बसायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघायचं. बाकी काही नाही."

"शनिवारी सांगते," म्हणून मावशींनी फोन ठेवला आणि काकांकडे वळल्या. "बघा बुवा. इथे काही उपयोग होणार असेल तर राहा. नुसती गर्दी नको मला."

जन्मभर गर्दी सांभाळलेला माणूस स्वतःच्या घरात गर्दी ठरला. पण काकांना जायचं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून ते न सांगता मुलांचे डबे पुसायला लागले, आणि मावशी तेच डबे पुन्हा पुसायला लागल्या.

बुधवारी मावशींची दाढ काढली. तोंडात कापसाचा बोळा आणि दिवसभर बोलायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद. त्यात खालचं अंगण नळासाठी खणून ठेवलेलं, म्हणजे मुलांना बाहेरही नेता येईना. गाल धरून मावशी कोपऱ्यात उभ्या राहिल्या आणि त्यांनी काकांना बोटाने आत बोलावलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच.

काकांनी आधी पुतळ्यांचा खेळ घेतला. हलेल तो बाद. पण ज्याची हयात हलत्या गाडीत उभं राहण्यात गेली, तो जमिनीवरही थोडा डुलतोच. सगळ्यात आधी काकाच बाद झाले.

मग संगीतखुर्ची. हा मावशींचा शिस्तीचा खेळ होता. दर फेरीला एक खुर्ची कमी, एक मूल बाद, आणि बाद झालेल्याने हाताची घडी घालून भिंतीशी बसायचं. त्या भिंतीची एक कायमची धनीण होती. मुलगी एवढीशी, म्हणून मावशींनीच तिला मुंगी नाव ठेवलं होतं. ती दर वेळी पहिली बाद व्हायची. अलीकडे तर खेळ सुरू व्हायच्या आधीच ती जाऊन भिंतीशी बसायची. तेवढाच सगळ्यांचा वेळ वाचावा.

काकांनी तिला उठवून रांगेत घेतलं, स्टीलच्या ताटलीवर चमच्याने ठेका धरला, आणि थांबवला. सगळे बसले. मुंगी उभी. ती मुकाट्याने चालायला लागली.

"कुठे निघालीस?" काकांनी विचारलं.

"भिंतीशी."

"अगं, पण ती खुर्ची अर्धी रिकामी आहे. ए टुणटुण्या, सरक बघू जरा. अजून थोडा. हां, झालं की."

टुणटुण्या म्हणजे वकिलांचा मुलगा. आजवर एकदाही बाद न झालेला. तो सरकला. आजपर्यंत त्याला सरक म्हणून कुणी सांगितलंच नव्हतं.

कोपऱ्यातून मावशींनी दोन्ही हात हलवले, मान हलवली, "अं अं" केलं. काकांना वाटलं, आणखी सरकवा म्हणतेय. ते एकेक खुर्ची काढत गेले आणि मुलं सरकत गेली. शेवटी एका खुर्चीवर अख्खं पाळणाघर, आणि टपावरच्या सामानासारखी सगळ्यांच्या वर मुंगी. मग तो डोलारा हळूच एका बाजूला कलंडला. कुणी रडलं नाही. जो तो आपला पाय शोधत होता.

संध्याकाळी वकीलसाहेब न्यायला आले. "काय, जिंकलं कोण आज?"

"खुर्ची," टुणटुण्या म्हणाला. "आम्ही सगळे पडलो."

वकीलसाहेबांना हे पटेना. "मावशी, खेळ म्हटला की निकाल लागला पाहिजे," ते म्हणाले. मावशींनी सुजलेल्या गालाने मान डोलावली आणि काकांकडे पाहिलं. त्या पाहण्याला तोंड उघडायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी मावशींचा आवाज परत आला. त्यातलं पहिलं वाक्य काकांच्या वाट्याला. "आज नियमाने. बाद म्हणजे बाद. लोक आपली मुलं काढून घेतील अशाने. जमणार नसेल तर आत्ताच सांगा, शनिवारपर्यंत कशाला थांबायचं? भावाला आजच कळवते."

"जमेल, जमेल," काका घाईने म्हणाले आणि चमचा उचलला.

बसवर असताना त्यांची एक खोड होती. मागून कुणी धावत येताना दिसलं की त्यांच्याच्याने घंटीची दोरी ओढवत नसे. ड्रायव्हर कावायचे. तोच हात आता ताटलीवर होता. तो वाजवतच राहिला. मुलं एक फेरा फिरली, दुसरा फिरली. मग कितीतरी फिरली.

"अहो, थांबवा."

"थांबवतो. हा फेरा होऊ दे."

"झाला की."

"हा एवढा."

"अहो, चक्कर येईल मुलांना!"

"अगं, थांबवलं की एक जण जाणार," काका अगदी हळू म्हणाले.

मावशी तरातरा गोलात शिरल्या आणि त्यांनी ताटली ओढली. दचकून काकांच्या हातातला चमचा पडला. गरगरलेली मुलं मिळेल त्या खुर्चीवर कोसळली. एक खुर्ची काढायची असते, हे काका विसरले होते. म्हणजे निदान त्यांचं म्हणणं तसं. त्यामुळे सगळी मुलं बसली, आणि उभ्या राहिल्या फक्त मावशी.

मुंगी आपल्या खुर्चीवर सरकली. "मावशी, तू इथे ये. अर्धी आहे."

"अगं, मी खेळत नाहीये."

"गोलात आलं की खेळात," टुणटुण्या म्हणाला. शेवटी वकिलाचा मुलगा. "नाही बसलीस तर तू बाद. मग भिंतीशी, हाताची घडी."

मावशींनी भिंतीकडे पाहिलं. इतक्या मुलांना त्यांनी तिथे पाठवलं होतं, पण गोलात उभं राहून ती भिंत त्यांनी कधी पाहिली नव्हती. इथून ती बरीच लांब दिसत होती.

मावशी बसल्या. त्यांचा जेमतेम एक कोपरा त्या खुर्चीवर मावला. मुंगीने त्यांची कंबर धरली, म्हणजे हातात आली तेवढी.

"पडशील," मुंगी म्हणाली. "मी धरलंय."

मावशी लगेच उठतील असं काकांना वाटलं. त्या उठल्या नाहीत. दिवसभर त्या पायांवर असायच्या. त्या खोलीत कुणी त्यांना बस म्हणून जागा केल्याचं त्यांनाही आठवत नसावं. काका रिकामे हात घेऊन उभे होते. आता फोनच लागणार, अशा चेहऱ्याने.

"एक खुर्ची काढा," मावशी बसल्या जागेवरून म्हणाल्या. "आणि यांना नीट सरकायला शिकवा. काल कोपरं लागली सगळ्यांची."

"आणि वकीलसाहेबांना काय सांगायचं?"

"निकाल राखून ठेवलाय म्हणावं."

शनिवारी मुलं घरी गेल्यावर भावाचा फोन आला. काका गॅलरीत दुपट्यांच्या घड्या करत होते. सगळं ऐकू येत होतं.

"नाही रे, त्यांना नाही जमायचं," मावशी सांगत होत्या. "अरे, फाटक कसलं घेऊन बसलास. मला एकटीला आवरत नाही इथे." हे वाक्य काका संसारात पहिल्यांदाच ऐकत होते. त्यांनी एक दुपटं उलगडून पुन्हा त्याच घडीवर घडी घातली.

मावशी दारात आल्या. "ऐकलंत ना? मग सोमवारपासून रोज दाढी करून आत यायचं. गाल टोचतात म्हणतात पोरं."

"बरं," काका म्हणाले, आणि आत जाऊन त्यांनी दाढीसाठी पाणी तापत ठेवलं.