बोर्डावर सध्या फुटबॉल हाये

मदनशेठच्या हार्डवेअरच्या दुकानाबाहेर एक काळा फळा टांगलेला असे. वर्षातले बरेच महिने त्यावर सिमेंटचा आणि सळईचा त्या दिवसाचा भाव खडूने लिहिलेला असायचा. जून संपत आला, की एखाद्या सकाळी मदनशेठ ओल्या फडक्याने तो भाव पुसून टाकत आणि वर ठसठशीत अक्षरांत 'फुटबॉल' असं लिहीत. तिथून कॉलेजच्या संघाचा पहिला सामना होईपर्यंत त्या फळ्यावर दुसरं काही लिहायची कोणाची टाप नव्हती. घर बांधायला काढलेला एखादा माणूस स्कूटर उभी करून भाव शोधू लागला, की गल्ल्यावरून आवाज यायचा, "भाव आत येऊन इचारजा. बोर्डावर सध्या फुटबॉल हाये."

नव्वदच्या सुमारास मी वर्ध्यात त्यांच्या दुकानाला लागून टायपिंगची इन्स्टिट्यूट काढली. पहिल्याच दिवशी दाराला कडी-कोयंडा घ्यायला त्यांच्याकडे गेलो. कोयंडे दाखवता दाखवता त्यांनी मला कॉलेजच्या लेफ्ट आऊटच्या घोट्याची सविस्तर हकिकत सांगितली. घोटा सुजला कसा, कोणी चोळला, आता जिना चढताना दुखतो की उतरताना. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, आजही फारसं कळत नाही. पण कोयंडा घेऊन निघालो तेव्हा त्या घोट्याची मलाही थोडी काळजी वाटू लागली होती. मदनशेठची हीच खोड होती. समोरच्याला ते विचारत नसत, सरळ सामील करून घेत.

फळ्यावरच्या बातम्या रोज सकाळी बदलत. 'मैदानातले गाजरगवत काढले. गोलच्या मागचे बाकी आहे.' 'सुरेशचा गुडघा बरा झाला, असे सुरेशचे म्हणणे आहे.' 'दिलीपच्या लग्नाची बोलणी फिसकटली. दिलीप यंदा संघात राहणार.' कारंजा घाडग्याहून एक नवा सेंटर फॉरवर्ड येणार होता, त्याच्याबद्दल लिहिलं होतं, 'घर हायवेवर आहे. ट्रक चुकवून रस्ता ओलांडायची लहानपणापासून सवय.' कॉलेजात जाणारी मुलं, कोर्टात निघालेले वकील, दूधवाले, सगळे तिथे सायकली टेकवून वाचत. शेजारच्या पानठेल्यावर मग तासभर चर्चा चाले. वाईट बातमी मात्र फळ्यावर कधी नसायची. मी एकदा तसं बोलून दाखवलं तर म्हणाले, "वाईट बातम्या द्यायले सीझन पडला हाये ना सर पुरा."

आणि सीझन तसा देतही असे. नागपूरला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा व्हायच्या आणि आमचं कॉलेज पहिल्या नाहीतर दुसऱ्या फेरीत सामान आवरून परत यायचं. मदनशेठ स्वतः त्याच कॉलेजात एक वर्ष शिकले होते. राखीव खेळाडू म्हणून त्यांना एकदा नागपूरला नेलं होतं आणि सामनाभर त्यांनी इतरांचे कपडे आणि घड्याळं सांभाळली होती. पुढच्या वर्षी वडिलांनी गल्ल्यावर बसवलं, ते कायमचं. कॉलेजची टीम एकदा फायनलला गेलेली पाहायची, एवढी एकच हौस त्यांनी मनाशी धरली होती. जुलै-ऑगस्टात त्यांच्या तोंडी एक वाक्य हटकून असे. "यंदा आतापावतर आपून एकबी मॅच हारलो नाई." एकही सामना झालेला नसताना हे वाक्य ते इतक्या समाधानाने म्हणत, की खोडून काढायला जीभ रेटायची नाही.

त्यांचा जीव की प्राण होता गोलकीपर किशोर. हिंगणीचा मुलगा. वडील वामनराव एसटीत कंडक्टर, वर्धा-हिंगणी गाडीवर. किशोर उंच, लांब हातांचा, बोलायला अगदी कमी. तो गोलमध्ये उभा राहिला, की आमची टीम निदान चार गोलांनी तरी हरत नसे. बी.ए.च्या शेवटच्या वर्षात तो आला तेव्हा मदनशेठना रात्रीची झोप लागेना. पास झाला की हा जाणार. नापास झाला तर पुन्हा त्याच वर्गात नाव घालून खेळता येत होतं. नियम नेमका काय होता मला ठाऊक नाही, पण तेव्हा चालून जायचं खरं.

किशोर इंग्रजीत गेला. दुसऱ्या दिवशी फळ्यावर होतं, 'आनंदाची बातमी. किशोर यंदाही आपल्यातच.' पानठेल्यावर फुकट चहा वाटला गेला. कोणी हौशी माणसाने किशोरच्या गळ्यात हारही घातला. तो बिचारा मान खाली घालून उभा होता आणि लोक टाळ्या वाजवत होते. नापास झाल्याबद्दल माणसाचा सत्कार झालेला मी आयुष्यात तेवढाच पाहिला. मीही हसलो होतो, सगळेच हसले होते.

पुढच्या जूनमध्ये किशोर पुन्हा इंग्रजीत गेला आणि फळ्यावर पुन्हा आनंदाची बातमी लागली. त्या सकाळी वामनराव आले. अंगात खाकी, खांद्याला तिकिटांची पेटी. फळा त्यांनी सावकाश वाचला, मग दुकानाची पायरी चढले. मी खिळे घ्यायला आत उभा होतो. मदनशेठचा थोरला मुलगा अशोक वजनकाट्याजवळ बसला होता.

"शेठ, तुमच्या घरी कोनी नापास झालं का कधी?"

"झालता. हा अशोक, धाव्वीत."

"तवा लिहिलं होतं का बोर्डावर?"

अशोक वजनकाट्याकडे पाहत राहिला.

"मी पुढच्या साली रिटायर होतो," वामनराव म्हणाले. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "पोट्टं म्हनते बी.पी.एड. करतो, खेळाचा मास्तर होतो. लय चांगलं हाये. पन त्याले आधी बी.ए. तर व्हा लागते ना. तुमी इकडे आनंद करून राह्यले." मग गाडीची वेळ झाली म्हणून ते निघून गेले.

संध्याकाळी मदनशेठनी किशोरला बोलावून घेतलं. मलाही हाक मारली, बहुधा एकट्याने विचारायचा धीर झाला नसावा.

"इंग्रजीचा पेपर जड होता का बे?"

"नाई. सोपा होता."

"मंग काऊन गेला?"

"मी लिहिलाच नाई, शेठजी. कोरा देल्ला."

"काऊन पन?"

"मागच्या साली खरंच गेलतो. तवा तुमी बोर्डावर लिहिलं, लोकायनं हार घातला. यंदा पास झालो असतो तर तुमी काय लिहिलं असतं?"

मदनशेठनी माझ्याकडे पाहिलं. ते उठले, बाहेर गेले आणि फडकं न घेता शर्टाच्या बाहीनेच त्यांनी फळा पुसला. 'फुटबॉल' हा शब्दसुद्धा ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी ऐन हंगामात तिथे सिमेंटचा भाव लागला. लोक दुकानात येऊन हळू आवाजात विचारू लागले, शेठची तब्येत बरी आहे ना.

आठवड्याने ते माझ्या इन्स्टिट्यूटमध्ये आले. "सर, तुमचा तर दिवसभर इंग्रजीचाच धंदा. ह्या पोट्ट्याले शिकवून द्या."

मी म्हटलं, "शेठ, मला इंग्रजी टाईप करता येतं. सगळं समजतं असं नाही."

"मले तर तेवढंबी येत नाई. तुमी बसा त्याच्यासंगं."

तेव्हापासून खडखडणाऱ्या बारा मशिनींच्या कोपऱ्यात किशोर पुस्तक घेऊन बसू लागला. सराव संपला की मैदानावरून थेट इकडे, गुडघ्याला माती तशीच. मला अडलं की मी कॉलेजातल्या एका ओळखीच्या प्राध्यापकांना विचारून येई. मदनशेठ अधूनमधून दारातून डोकावत आणि किशोरच्या डोळ्यांसमोर पुस्तक सुलटं आहे एवढं बघून जात. फळ्यावर 'फुटबॉल' परत आलं. त्याखाली पहिली बातमी होती, 'गोलकीपर इंग्रजी शिकत आहे.' पानठेल्यावर यावर काय बोलावं ते कोणाला सुचेना.

नेमकी त्याच वर्षी टीम जमून आली. कारंजाचा सेंटर फॉरवर्ड ट्रक चुकवावेत तसे बॅक चुकवू लागला, दिलीपचं लग्न पुन्हा लांबलं. नागपूरला आम्ही सेमीफायनलपर्यंत गेलो आणि एका गोलाने हरलो. मी स्वतः इन्स्टिट्यूट बंद ठेवून गेलो होतो आणि घसा बसवून परत आलो. पुढची फळी सगळी पहिल्या-दुसऱ्या वर्षातली होती, म्हणजे पुढच्या वर्षीही राहणारी. जाणार होता तो फक्त गोलकीपर.

परीक्षा जवळ आली तशी पानठेल्यावरची मंडळी एका दुपारी मदनशेठकडे आली. त्यात एक वकील होते, एक सराफ होता. म्हणाले, "शेठ, फायनल हाताशी आली हाये. एक साल अजून थांबवा पोट्ट्याले. तुमचा शब्द तो मोडत नाई." मी त्यांचा चेहरा पाहत होतो. त्यांना ते हवं होतं. त्या मंडळींतल्या कोणाहीपेक्षा जास्त हवं होतं. एक शब्द टाकला असता तर किशोरने पुन्हा पेपर कोरा दिला असता, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही.

"त्याचा बाप घरी बसून राह्यला यंदा," ते शेवटी म्हणाले. "फायनल काय त्याले पेन्शन देते का? जा तुमी. चहा प्याचा असंन तं प्या अन् जा."

इंग्रजीच्या पेपरला त्यांनी किशोरला आपल्या स्कूटरवरून नेलं. "घंटा होयेपावतर भायेर येजो नको," असं बजावलं आणि समोरच्या कडुलिंबाखाली टॉवेल अंथरून बसून राहिले. मुलगा मध्येच बाहेर आला तर त्याला परत आत धाडायला कोणीतरी हवं, असं त्यांचं म्हणणं. किशोर शेवटच्या घंटेला बाहेर आला. पुरवणी लावली का, एवढंच शेठनी विचारलं. लावली होती.

निकाल लागला त्या दिवशी ते कॉलेजात जाऊन स्वतः यादी पाहून आले. मी खिडकीतून बघत होतो. फळ्यासमोर खडू हातात धरून ते इतका वेळ उभे राहिले, की मला वाटलं पोरगं पुन्हा गेलं. मग त्यांनी लिहिलं, 'आनंदाची बातमी. किशोर पास.' जरा थांबून खाली आणखी एक ओळ लिहिली, 'गोलकीपर पाहिजे.' माझ्याकडे आत आले आणि डोळे पुसले. खडूची भुकटी गेली म्हणाले. मी म्हटलं, जाते कधीकधी. संध्याकाळी वामनराव पेढे घेऊन आले आणि पहिला पेढा त्यांनी अशोकच्या हातावर ठेवला.

त्या सीझनला पहिल्याच सामन्यात आम्ही सात गोल खाल्ले. परतीच्या बसमध्ये कोणी कोणाशी बोलत नव्हतं. मदनशेठ खिडकीबाहेर बघत होते. सेलू मागे पडल्यावर म्हणाले, "सेंटर फॉरवर्ड चांगला खेळला पन." आम्हाला हसू आवरेना.

किशोर बी.पी.एड. झाला आणि कारंजाच्या एका शाळेत खेळाचा मास्तर म्हणून लागला. पुढे दर जूनमध्ये, फळ्यावर 'फुटबॉल' लागलं की आठ-पंधरा दिवसांत तो एखाद्या बारावी झालेल्या मुलाला मोटारसायकलवर मागे बसवून दुकानापुढे उतरायचा. म्हणायचा, "शेठजी, गोलकीपर पाहिजे होता ना?" काही मुलं बरी निघाली, काही अगदीच ढिसाळ. एकाला तर चेंडूचीच भीती वाटायची. मदनशेठ प्रत्येकाला आधी एकच प्रश्न विचारत, "इंग्रजी कसं हाये तुयं?" बारावीला कमी मार्क असले तर पोरगं माझ्याकडे पाठवलं जाई. कॉम्प्युटर आले, माझ्या मशिनी एकेक करून भंगारात गेल्या, तरी कोपऱ्यातली ती खुर्ची मी हलवली नाही. फायनल आमच्या कॉलेजने आजवर गाठलेली नाही. पण गोलकीपर सगळे पास झाले.

गावाबाहेर, पिपरी मेघेला घर बांधल्यावर मदनशेठ दुकानात कमी येऊ लागले. कारभार अशोककडे गेला. अशोक शिस्तीचा माणूस. फुटबॉलच्या दिवसांत गिऱ्हाईक भावासाठी ताटकळतं हे त्याला पहिल्यापासून खुपत होतं आणि बापलेकांचे त्यावरून खटकेही उडत. एका वर्षी शेठ बरेच आजारी पडले. जून संपला तरी फळ्यावर सिमेंटचाच भाव होता. मी भेटायला गेलो तेव्हा खाटेवरून म्हणाले, "सर, यंदा आतापावतर आपून एकबी मॅच हारलो नाई." मी म्हटलं, नाही शेठ, एकही नाही. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ते गेले. पहिला सामना व्हायला अजून बराच अवकाश होता.

तेरवी झाल्यावर दुकान उघडलं त्या दिवशी किशोर आला. मागे एक बुटका, रुंद खांद्यांचा मुलगा होता. किशोर नुसता फळ्याकडे पाहत उभा राहिला. अशोकने गल्ल्यातून खडू काढला आणि त्याच्या हातावर ठेवला. किशोरने भाव पुसला. वर 'फुटबॉल' लिहिलं. मग त्याचा हात थांबला. शेठ गेल्याची बातमी लिहावी की नाही हे त्याला ठरवता येईना, हे मला माझ्या दारातून दिसत होतं. त्या फळ्यावर वाईट बातमी आजवर लागली नव्हती. शेवटी त्याने लिहिलं, 'गोलकीपर आला. उंची कमी आहे, पण उडी चांगली आहे.'

तेवढ्यात एक माणूस स्कूटर थांबवून फळ्यावर सिमेंटचा भाव शोधू लागला. अशोक गल्ल्यावरून उठलाही नाही.

"भाव आत येऊन इचारजा," तो म्हणाला. "बोर्डावर सध्या फुटबॉल हाये."