न कळण्याची सुट्टी

शाळेतून घरी आले की मी चपलाही न काढता सोफ्यावर बसायची. रिटायर झालेले आमचे हे चहा पुढं ठेवायचे आणि विचारायचे, "चौथीची पोरं शिकवतीस की दगड फोडतीस? एवढी दमतीस कशानं?"

मलाही सांगता यायचं नाही. शेवटी ह्यांनीच निदान केलं: रक्त कमी. दोन महिने रोज बीट, खजूर आणि भाकरीवर बोटभर शेंगाचटणी. माझं वजन वाढलं, थकवा होता तिथंच राहिला. मग रक्त तपासलं. डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणाले, "बाई, तुमचं रक्त माझ्यापेक्षा चांगलं आहे."

खोट रक्तात नव्हती, कानात होती. उजव्या कानाला फारसं ऐकू येत नाही, डाव्याला अर्धंमुर्धं. मशीन लावते मी, पण मशीन सगळंच मोठं करतं; पंखा, बाकांची ओढाओढ, शेजारच्या वर्गातले पाढे. त्या गदारोळातून वाक्य अर्धंच पोचतं. उरलेलं समोरच्याचे ओठ बघून, स्वभाव बघून आपण जुळवायचं. पोरांना परीक्षेत 'रिकाम्या जागा भरा' पाच असतात. मी सकाळी अकरापासून तेच करत बसलेली.

आणि त्यात मार्कही जायचे. एकदा मुख्याध्यापक जाताजाता म्हणाले, "उद्या सगळ्यांनी हजेरी घेऊन या." मी ऐकलं, केशरी घालून या. दुसऱ्या दिवशी बैठकीत सगळ्या बाई हजेरीपुस्तक घेऊन बसल्या होत्या आणि मी रिकाम्या हातानं, भगभगीत केशरी साडीत.

मुलाचं लग्न झालं. सून दुधनीची, अगदी कर्नाटकाच्या सीमेवरची. विहीणबाईंनी आम्हा दोघांना दोन दिवस राहायला बोलावलं. दुधनीत मराठी बहुतेकांना येतं, पण विहीणबाई माहेरच्या पार पलीकडच्या, त्यांच्या स्वयंपाकघरात सगळं कानडीच. मला कानडीचं अक्षर कळत नाही.

मी पाटावर बसले. विहीणबाई, त्यांच्या जावा, शेजारणी एकाच वेळी बोलत होत्या. सवयीनं मी कान टवकारले, आणि मग लक्षात आलं, ऐकू आलं तरी कळणार नाहीच! माझ्याकडून कुणाची अपेक्षाही नव्हती. काही सांगायचं असलं तर त्या हातानं दाखवायच्या. "ऊटा माडरी," म्हणाल्या की समोर ताट यायचं. त्यात काय जुळवायचं? संध्याकाळी मी शेतापर्यंत चालत गेले, परत आले, वर त्यांच्या भाकरी थापायला बसले.

सोबत आलेली सून हळहळली. "आई, तुम्हाला कंटाळा आला असेल ना?"

"छे! अजून दोन दिवस राहू या."

चार दिवस राहिलो. विहीणबाईंनी गावभर सांगितलं, अशी शांत, तक्रार न करणारी विहीण नशिबानं मिळते.

परतीच्या एसटीत मी ह्यांना म्हणाले, "मला बीट नको. मला कानडी पाहिजे."

ह्यांनी माझ्या कपाळाला हात लावून बघितला. मग मी सगळं समजावलं. हा माणूस तीस वर्षं नळ सोडून, पाठ करून माझ्याशी बोलत आलेला. माझ्याकडं नीट तोंड वळवून म्हणाले, "आधी सांगायचं की."

"मलाच कुठं माहीत होतं?"

घरी नियम केला. शाळेतून आले की पाऊण तास मशीन काढून ठेवायचं, कुणी बोलायचं नाही. एरवी समोर येऊन, हाक मारून मगच बोलायचं. पहिल्या दिवशी ह्यांनी नियम अक्षरशः पाळला. एक शब्द बोलले नाहीत. वहीचं पान माझ्या नाकासमोर धरलं: दूध तापवू का, कुकरच्या शिट्ट्या किती, माझ्या ताईचा फोन आलता, काय सांगू. सात प्रश्न होते. दुसऱ्या दिवसापासून सुधारले. मुख्याध्यापकांनाही सांगितलं, आता त्यांच्या सूचना मला कागदावर येतात. थकवा गेला नाही, पण चपला काढण्याइतकी ताकद उरायला लागली.

मग विहीणबाई सोलापूरला आमच्याकडं आल्या. मी खुशीत होते. त्यांनी उंबऱ्यातच पिशवी ठेवली आणि खणखणीत मराठीत म्हणाल्या, "नमस्कार विहीणबाई. प्रवास चांगला झाली. यंदा पाऊस कमी आहे."

माझ्याशी बोलता यावं म्हणून लेकीकडून फोनवर तीन महिने शिकल्या होत्या. जवळ वही होती. जेवताना बोलल्या, चहा घेताना बोलल्या. त्यांच्या वाक्यातल्या काही जागा मुळातच रिकाम्या, काही माझ्या कानानं रिकाम्या केलेल्या. पाच वाजेपर्यंत माझं डोकं फिरायला लागलं. एवढ्या मायेनं शिकून आलेल्या बाईला गप्प बसा कसं म्हणायचं? शेवटी सुनेला म्हटलं, "तूच सांग बाई, त्यांना वाईट वाटणार नाही असं."

सुनेनं कानडीत सांगितलं. विहीणबाई माझ्याकडं बघत राहिल्या. मग कपाळाला हात लावून हसत सुटल्या आणि भराभरा काहीतरी बोलल्या.

सून म्हणाली, "माझी आई म्हणते, तिचंपण सकाळपासून डोकं ठणकतंय. मराठी बोलायच्या धास्तीनं जेवणसुद्धा गोड लागलं नाही."

त्यांनी वही पिशवीत कोंबली. मी मशीन काढलं. ओल्या शेंगांची टोपली मधे घेऊन आम्ही फोडायला बसलो. त्या कानडीत बोलत होत्या, मी मराठीत, दोघी अधूनमधून हसत होतो.

हे दारात येऊन, अगदी समोर उभं राहून, हातवारे करत म्हणाले, "काय चाललंय एवढं?"

"काही कल्पना नाही," मी म्हणाले.