चांदण्यांच्या यादीतली पाचवी उडी

हातात माईक आला की मी जरा सुटतोच. बूढ़ापारा या आमच्या मोहल्ल्यातल्या गणपतीत हरवलेली चप्पलसुद्धा मी अशी पुकारतो, की मालक ती न्यायला केस विंचरून येतो. म्हणून राज्याच्या डायव्हिंग स्पर्धेत निवेदक आला नाही तेव्हा पालकांमधून मलाच उचललं गेलं. माझी मुलगी त्याच स्पर्धेत उतरली होती. बारावीचा अभ्यास सांभाळून स्प्रिंगबोर्डवरून उड्या मारते.

"भैया, सिर्फ नाम और डाइव. भाषण नहीं," पंच मॅडमनी बजावलं.

"हव," मी मान डोलावली, आणि पहिल्याच मुलीला "हवेची राणी" करून टाकलं.

मुली पाच, प्रत्येकीच्या उड्या पाच. पहिल्या दोघी राज्याच्या संघात जाणार. चार फेऱ्या झाल्या तेव्हा माझी पोरगी दुसरी होती आणि तिसरी अगदी तिच्या पाठीला लागलेली. मी रंगात आलो होतो. तेवढ्यात मॅडमनी पाचव्या फेरीचा कागद पुढे सरकवला आणि मी तो दोनदा वाचला. पोरीच्या नावापुढे शब्दांत लिहिलेली उडी भलतीच होती.

आता या खेळात असं असतं, की कोणत्या उड्या मारणार ते आदल्या दिवशीच लिहून द्यावं लागतं. लिहिलं तेच मारायचं. दुसरी मारली, मग ती कितीही देखणी असो, शून्य. सरावाच्या घाईत पोरीनं कोऱ्या फॉर्मवर सही ठोकली आणि मला म्हणाली, "बाबा, मेरी डायरी से उतारके जमा कर देना." डायरीच्या शेवटच्या पानावर उड्यांच्या नुसत्या नंबरांच्या दोन याद्या होत्या. एक पेन्सिलीची, फिकट, बिचारी. दुसरी लाल शाईची, चारी बाजूंनी चांदण्या काढलेली. माझ्यासारखा माणूस कोणती उतरवणार?

चांदण्यांची यादी म्हणजे तिला कधीतरी जमवायच्या उड्यांची होती. पहिल्या चार दोन्हींत सारख्याच. पाचवीत घोळ. पाण्याकडे पाठ करून बोर्डच्या टोकावर उभं राहायचं, उडायचं, आणि दीड गिरकी घ्यायची ती बोर्डाच्या दिशेनं. डोकं बोर्डजवळून जातं. सरावात तिनं ती दोनदाच मारली होती आणि दोन्हीदा पोटावर आपटली होती.

मी माईक झाकला. "मॅडम, एकच ओळ आहे. पेन आहे माझ्याजवळ."

"भैया, पेन नीचे रखिए."

ठेवलं. पोरीकडे गेलो. ती टॉवेल गुंडाळून उभी होती.

"पोट्टे, एक गंमत झाली."

"आपकी गंमत से डर लगता है, बाबा."

सांगितलं. तिचे डोळे एवढाले झाले. "स्टार वाली? आपने स्टार वाली उतार दी?"

"सुंदर दिसत होती."

"भरने से पहले पढ़ते नहीं क्या?"

"आन् तू सही करताना काहून नाही वाचलं?"

यावर तिनं टॉवेलात तोंड लपवलं. शेवटी माझीच पोरगी. मग मात्र माझी नजर बोर्डाच्या टोकावर गेली. "नको मारू. डोकं लागलं तं? शून्य घे. पुढच्या साली पाहू."

तिनं कोचकडे पाहिलं. ते एवढंच म्हणाले, "घुटने जल्दी छोड़ती है तू. जितना लगे, उससे ज्यादा पकड़ना."

ओला टॉवेल माझ्या अंगावर टाकून ती म्हणाली, "जाके बोलिए. ठीक से."

मी ठीक बोललो. नाव आणि उडी. आयुष्यात पहिल्यांदाच एकही विशेषण लावलं नाही.

टाचा हवेत, पाठ पाण्याकडे. बोर्ड खणखणला. ती वर गेली आणि गुडघे छातीशी घेऊन गोळा झाली. फिरली. मी मनात ओरडत होतो, सोड, आता सोड! तिनं सोडले नाहीत. अजूनही नाहीत. आणि मग एकदम उघडली, हात आधी, आणि पाण्यात गेली. पाणी एवढं उडालं की माझा कागद भिजला. पण पोट नाही! डोक्याकडून, सरळ!

पंचांनी पाच-साडेपाचच दिले. पण उडी जितकी अवघड तितक्या मोठ्या आकड्यानं गुण गुणतात, त्यामुळे तेच फुगले आणि तिसरीची साधी, सुबक उडी मागे राहिली. पोरगी दुसरी! संघात! मी माईकवर काय काय बोललो ते आठवत नाही. मॅडमनी कपाळाला हात लावला होता एवढं आठवतं.

टॉवेल घेऊन मी तिला मिठी मारायला धावलो. ती जागेवर नव्हती. लोक खुर्च्या उचलत होते आणि ही पुन्हा बोर्डवर चढली होती.

"उतर ना, पोट्टे! स्पर्धा संपली!"

"बाबा, अभी तो समझ में आया कि कब छोड़ना है!"

आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता तिनं पाण्याकडे पाठ केली.