इथे ठिणगी पाडू नये

नातीचा मोबाइल चार्ज होताना ऐंशी टक्क्यांपर्यंत धावत जातो आणि पुढे गोगलगायीसारखा सरकतो. ती चिडते, "आजी, कंपनीवाले मुद्दाम करतात हे." मुद्दामच करतात, बाई. शेवटचे घास कोंबले की बॅटरीचं आयुष्य घटतं, म्हणून शेवटी हात आखडता घेतात. लिथियममधलं मला फार कळत नाही, माझी उमर शिशात आणि तेजाबात, म्हणजे ॲसिडात, गेली. पण एवढी गोष्ट मी सत्तरच्या दशकातच शिकले, नागपुरात, कामठी रोडवरच्या आमच्या टिनाच्या दुकानात. आणि सुखासुखी शिकले नाही.

दुकान माझ्या नवऱ्याचं. ट्रकच्या, ट्रॅक्टरच्या, लाउडस्पीकरच्या बॅटऱ्या आम्ही चार्ज करून द्यायचो. बॅटरी भरली की नाही हे बघायची गिऱ्हाइकांची एक रीत होती. वायरचा तुकडा बॅटरीच्या दोन्ही खुंटांना टेकवायचा आणि झटकन उचलायचा. ठिणगी मोठी उडाली म्हणजे बॅटरी फुल्ल. हायड्रोमीटरच्या नळीने तेजाबाचा दाटपणा मोजून दाखवला तरी समाधान व्हायचं ते ठिणगीनेच. एका ट्रॅक्टरवाल्याला एवढाही धीर निघाला नाही. चार्जिंगला लावलेल्या बॅटरीवरच त्याने वायर टेकवली. भरत आलेल्या बॅटरीतून वायू निघत असतो, त्याने पेट घेतला. बॅटरीची पेटी फुटली आणि तेजाब माझ्या नवऱ्याच्या डोळ्यांत गेलं. त्यानंतर त्यांना उजेड आणि अंधार, एवढंच कळायचं.

मी दुकानात उभी राहिले. मला चार्जरचं बटणही ठाऊक नव्हतं. ते बाकावर बसून सांगायचे आणि मी करायची. मी चुकले की ते ओरडायचे, मीही उलटून ओरडायची. रस्त्यावरचे लोक थांबून ऐकायचे.

त्यातच चौकापलीकडे नवं दुकान निघालं. मोठा चार्जर, पाटी लावलेली, 'दोन तासांत बॅटरी फुल्ल'. आमच्याकडे एक दिवस आणि एक रात्र लागायची. शिवाय तिकडची बॅटरी चार्जरवरून उतरली की ठिणगी अशी उडायची की बघणारा मागे सरकावा. आमची गिऱ्हाइकं एकेक करत चौक ओलांडून गेली. उन्हाळ्यात गावाहून दीर आले. रिकामं दुकान बघून म्हणाले, "वहिनी, हे बायकांचं काम होय का? दसऱ्यापर्यंत पाहा. नाही तं मी ट्रक घेऊन येतो, सामान भरा अन् गावले चला."

दीर वाईट नव्हते. पण गावात आम्ही त्यांच्या ओसरीवरचे पाहुणेच झालो असतो. ते गेल्यावर नवरा म्हणाला, "दुकान गेलं तं मी खाटंवर बसून काय करू वं?" तेव्हा मला रडू आलं आणि रडू आल्याचा रागही आला. हे दुकान मी जाऊ देणार नाही, हे त्याच दिवशी ठरलं.

पहिल्यांदा मी मूर्खपणा केला. चौकापलीकडचा करतो तर आपणही करावं म्हणून चार्जरचा करंट मन मानेल तसा वाढवला. बॅटरी आमचीच होती म्हणून बरं. तासाभरात पेटीला हात लाववेना, तेजाब उकळून वर आलं. ती थंड झाल्यावर मी फोडून बघितली. आतल्या शिशाच्या प्लेटा तळल्या पापडासारख्या वाकड्या, तळाशी तपकिरी गाळ. मी नवऱ्याचा हात धरून त्या प्लेटांवरून फिरवला. ते बराच वेळ बोटं फिरवत राहिले. मग म्हणाले, "ही सुरुवातीले नाही मेली. उकळायले लागल्यावर मेली. तवापासून तू तिले मारून राहिली होती."

ते वाक्य मी धरून बसले. रिकामी बॅटरी भराभर घेते, पंगतीत भुकेला माणूस पहिल्या दोन पोळ्या खातो तशी. पोट भरत आलं की आग्रह सोसत नाही. म्हणजे पहिल्यांदा करंट जास्त द्यायचा आणि वेळेवर कमी करायचा. पण वेळ कोणती? ती नवऱ्याच्या कानांनी शोधली. झाकणं उघडून ते बॅटरीजवळ बसायचे. आत बुडबुड सुरू झाली की म्हणायचे, "बोलाले लागली. उतरव." मी करंट खाली आणायची. पेटीला हात लावून ऊब बघायची, हायड्रोमीटरने मोजायची, वहीत वेळ लिहायची. कितीदा चुकलो, सांगता येणार नाही. पण हळूहळू जमलं. सकाळी आलेली बॅटरी दुपारच्या चहापर्यंत चारपैकी तीन हिस्से भरून निघू लागली आणि पेटी कोमटच्या वर जाईना. घाई असेल त्याने तशीच न्यावी. उरलेला हिस्सा मात्र सावकाशच.

पण हे लोकांना पटवायचं कसं? त्या भागात एक लाउडस्पीकरवाला होता. लग्न असो, सभा असो, भोंगा त्याचाच. तो जाईल तिकडे बाकीचे लाउडस्पीकरवाले जायचे. त्याने दोन नव्या बॅटऱ्या एकाच दिवशी घेतल्या होत्या. मी त्याला रस्त्यात अडवलं. म्हटलं, "दर वेळी एक तिकडे भर, एक माझ्याकडे. दसऱ्याच्या आधी दोन्ही माझ्या दुकानासमोर आण." त्याला गंमत वाटली. तो तयार झाला.

पावसाळाभर तो मला चिडवत राहिला. दुकानात वायर टेकवायला मी बंदी केली होती, म्हणून रस्त्यावर जाऊन टेकवायचा आणि तिथून ओरडायचा, "बाई, तुमचीत काही जान नाही. तिकडली पाहा, दिवाळी आहे दिवाळी!" उथळ पाण्याला खळखळाट फार, असं मी मनात म्हणायची. तोंडाने जे म्हणायची ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी तो दोन्ही बॅटऱ्या भरून घेऊन आला. त्याला दीक्षाभूमीजवळ भोंगा लावायचा होता, तिथल्या दसऱ्याच्या गर्दीत हरवलेल्यांची नावं पुकारायला. त्याच सकाळी दीरही ट्रक घेऊन हजर झाले. दोन बाकं रस्त्यावर काढली, एकेका बॅटरीला हेडलाइटचे तीन-तीन बल्ब जोडले आणि म्हटलं, "ठिणगी डोळा लवायच्या आत जाते. या बल्बांकडे बघत बसा."

भर उन्हात सहा बल्ब. लोक जमले. दिरांनी तोवर आमची कपड्यांची पेटी ट्रकमध्ये चढवून दोरीने बांधलीसुद्धा. पहिल्या तासात काहीच फरक पडला नाही. लाउडस्पीकरवाला उसाचा रस पिऊन आला. तो येईस्तोवर तिकडच्या बॅटरीचे बल्ब पिवळे पडले होते. मग लालसर झाले, मग नुसत्या तारा दिसू लागल्या. माझे तीन तसेच पांढरे.

नवरा दुकानातून भिंत धरत बाहेर आला. ते दोन्ही बाकांच्या मधोमध उभे राहिले, एकदा इकडे तोंड केलं, एकदा तिकडे. मला वाटलं विचारतील, कोणाचे जळून राहिले. त्यांनी विचारलं नाही. माझ्या बल्बांपुढे जाऊन ते खाली बसले, अगदी जवळ, आणि म्हणाले, "हे मले दिसून राहिले वं."

दिरांनी ट्रकवर चढून दोरी सोडली. कपड्यांची पेटी त्यांनी स्वतःच आत आणून ठेवली. लाउडस्पीकरवाल्याने माझी बॅटरी उचलली आणि सवयीने खिशातून वायर काढली. मी बघत होते. त्याने वायर परत खिशात घातली.